‘होतो’ म्हटलं की अँपार्फे नव्हे

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डेल्फ बी-१ ची, म्हणजे फ्रेंचच्या मधल्या पातळीच्या परीक्षेची, तयारी करताहेत. ‘एक आठवण’ या विषयावर त्यांनी फ्रेंचमध्ये परिच्छेद लिहिला आणि शिक्षकांनी त्यात चार लाल गोल केले, चारही क्रियापदांना. ते म्हणतात, “अँपार्फे म्हणजे अपूर्ण भूतकाळ, म्हणजे ‘करत होतो’, एवढं पाठ आहे. मराठीत जिथे ‘होतो’ दिसलं तिथे तोच काळ घ्यायचा प्रयत्न केला, तरी चूक. रूपं बनवतानाही अडखळतो.” मनात मराठीत जुळवलेला मूळ परिच्छेदही त्यांनी दिलाय, ते फार बरं केलं:

“मी पाँडिचेरीत पाच वर्षं होतो. एकदा संध्याकाळी समुद्रावर फिरायला गेलो होतो. मला भूक लागली होती. एक म्हातारी बाई बाकावर बसली होती. मला वाटलं, ती फ्रेंच आहे. तिने मला तमिळमध्ये वेळ विचारली.”

लाल गोल आहेत ते ‘होतो’, ‘भूक लागली होती’, ‘बसली होती’ आणि ‘वाटलं’ यांच्या फ्रेंच रूपांवर.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात फ्रेंच शिकवते. हे सहा ओळींचं मराठी वाचून मला हसूच आलं, कारण मराठी माणूस या काळात जिथे जिथे घसरतो त्यातल्या बहुतेक जागा यात एकाखाली एक लागल्यात.

आधी रूपं उरकून टाकू. वर्तमानकाळातलं ‘नू’चं, म्हणजे ‘आम्ही’चं रूप घ्यायचं, त्याच्या शेवटचं ओ-एन-एस काढायचं आणि उरलेल्या धडाला सहा प्रत्यय लावायचे. ‘झ’ आणि ‘त्यु’ दोघांना ए-आय-एस, ‘ईल’ किंवा ‘एल’ला ए-आय-टी, ‘नू’ला आय-ओ-एन-एस, ‘व्हू’ला आय-ई-झेड, आणि अनेकवचनी ‘ईल’ला ए-आय-ई-एन-टी. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. नू पार्लों, धड ‘पार्ल’. मग झ पार्लॅ, त्यु पार्लॅ, ईल पार्लॅ, नू पार्लियों, व्हू पार्लिये, ईल पार्लॅ. (मी ‘ॅ’ लिहितेय खरं, पण ‘बॅट’ म्हणताना उघडतो तेवढं तोंड उघडायचं नाही. आपल्या ‘ए’ आणि ‘ॲ’ यांच्या अधेमधे कुठेतरी थांबायचं. आणि ‘झ’ हा ‘प्लेझर’मधला.)

बघा, सहापैकी चार रूपं कानाला एकच. बोलताना ही चैन आहे, श्रुतलेखनात हीच रड. कर्ता एकवचनी की अनेकवचनी हे वाक्यात दुसरीकडून शोधावं लागतं. त्याहून मोठी अडचण वेगळी. ‘झे पार्ले’ म्हणजे मी बोललो, हा पासे काँपोझे, घडून गेलेली गोष्ट सांगणारा भूतकाळ. ‘झ पार्लॅ’ म्हणजे मी बोलत होतो किंवा बोलायचो. फरक दोनच जागी, सुरुवातीला ‘झे’ की ‘झ’, आणि शेवटी मिटलेला ‘ए’ की उघडा ‘ॲ’. आपल्याकडची मुलं दोन्हीकडे ‘ए’च म्हणतात आणि ‘झ’चा ‘झे’ करतात. तोंडी परीक्षेत मग परीक्षकाला कळत नाही की तुम्ही काळ चुकलात की उच्चार. तोंडी परीक्षा जवळ आली असेल तर व्याकरण बाजूला ठेवून आठवडाभर एवढंच घोटा.

‘नू’चंच रूप का घ्यायचं, ‘झ’चं का नाही, हा प्रश्न दर बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. ‘पिणे’चं क्रियापद घ्या. मी पितो ‘झ बुआ’, पण आम्ही पितो ‘नू ब्युव्हों’. पहिल्यात जोर धडावरच पडतो, तिथला स्वर बदलून बसलाय. दुसऱ्यात जोर प्रत्ययावर जातो आणि धड वेगळं राहतं. अँपार्फेमध्ये जोर कायम प्रत्ययावर, म्हणून धडही ‘नू’चंच: झ ब्युव्हॅ. तसंच घेणे: नू प्रनों, झ प्रनॅ. संपवणे: नू फिनिसों, झ फिनिसॅ. या ‘फिनिसॅ’मधला दुहेरी एस विसरून ‘फिनॅ’ लिहिणारे मी शेकड्याने पाहिलेत. ते मूळ क्रियापदाचं शेपूट कापतात, ‘नू’चं नाही. ‘करणे’चं ‘नू फझों’ मात्र लिहिताना एफ-ए-आय आणि बोलताना ‘फ’, त्यामुळे ‘झ फझॅ’सुद्धा तसंच. तिथे ‘फॅझॅ’ म्हणायचं नाही.

अपवाद एकच, ‘एत्र’ म्हणजे असणे. त्याचं ‘नू सॉम’ला ओ-एन-एस नाहीच, म्हणून धड वेगळं, ‘एत’: झेतॅ, त्यु एतॅ, ईलेतॅ. ‘पाऊस पडणे’ आणि ‘करणं भाग असणे’ या क्रियापदांना ‘आम्ही’च नसतो, त्यांची रूपं सरळ लक्षात ठेवा: ईल प्लव्हॅ, ईल फालॅ.

स्पेलिंगच्या दोन गमती. ‘माँझे’ म्हणजे खाणे. ‘झ माँझॅ’ लिहिताना जी नंतर एक ई ठेवावा लागतो, नाहीतर ए पुढे आल्यावर जीचा उच्चार ‘ग’ होईल. ‘नू माँझियों’मध्ये मात्र पुढे आय आलाच आहे, तो जीला मऊ ठेवतो, मग ई कशाला? काढून टाकायचा. सुरू करणे, ‘कोमाँसे’, याचंही तसंच. ए आला की सीखाली ती छोटी शेपटी लावायची, आय आला की नाही. दुसरी गंमत ‘एत्युदिये’, अभ्यास करणे. धडाच्या शेवटी आय आहे, प्रत्ययाच्या सुरुवातीलाही आय. म्हणून ‘नू एत्युदियों’ लिहिताना दोन आय शेजारीशेजारी. ते छपाईची चूक वाटतात, पण तसेच लिहायचे. एक आय लिहिला तर तो वर्तमानकाळ झाला.

जुनं फ्रेंच छापील काही हाती आलं आणि त्यात ए-आय-एस ऐवजी ओ-आय-एस दिसलं तर घाबरू नका. तीच रूपं आहेत. उच्चार कधीच बदलला होता, स्पेलिंग मागे राहिलं होतं. व्होल्तेरने नव्या स्पेलिंगचा हट्ट धरला, पण फ्रेंच अकादमीने ते स्वीकारलं थेट 1835 च्या कोशात. ‘फ्राँसॅ’ हा शब्दही तेव्हाच ओ-आय सोडून ए-आयवर आला.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे वळू.

‘अँपार्फे’ या शब्दाचा अर्थ ‘अपूर्ण’, म्हणून आपण त्याला ‘अपूर्ण भूतकाळ’ म्हणून मोकळे होतो. पण शाळेच्या मराठी व्याकरणात अपूर्ण भूतकाळ म्हणजे फक्त ‘मी करत होतो’. इथेच गाडी रुळावरून घसरते. फ्रेंच अँपार्फेच्या घरात मराठीची निदान तीन भाडेकरू रूपं राहतात. ‘करत होतो’ आहेच. ‘खोली अंधारी होती, मी दहा वर्षांचा होतो’ हा निव्वळ ‘होता’ आहे. आणि ‘आम्ही खेळायचो, आजी गोष्ट सांगे, ते रोज येत असत’ हा आपला रीतिभूतकाळ, तोही तिथेच. (कॉलेजात गुणांसाठी फ्रेंच की संस्कृत असा हिशेब करून संस्कृतकडून आलेल्यांना एक सूचना. लङ्-लकाराला, म्हणजे संस्कृतातल्या एका भूतकाळाला, इंग्रजी पुस्तकांत ‘इम्परफेक्ट’ म्हणतात. नाव तेच, काम वेगळं. त्याला इथे आणू नका.)

यातला रीतिभूतकाळ हे मराठी माणसाच्या हातातलं हुकमी पान आहे आणि बहुतेक जण ते खेळतच नाहीत, कारण मनातल्या मनात सगळं आधी इंग्रजीत करतात. ‘आय लिव्ड’ म्हटलं की राहिलो की राहायचो, इंग्रजी सांगतच नाही. ‘वी वुड प्ले’ म्हटलं तर आणखीच घोटाळा. ‘वुड’ दिसला की विद्यार्थी फ्रेंचचं संकेतार्थी रूप लावतो आणि ‘आम्ही खेळायचो’चं ‘आम्ही खेळलो असतो’ करून ठेवतो. इंग्रजीचा वळसा सोडा. वाक्य मराठीत म्हणा, आणि जिभेवर ‘-यचो, -यची, -यचे’ सहज आलं तर जवळजवळ डोळे मिटून अँपार्फे लावा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण श्रावणातल्या कहाण्यांत आहे. आटपाट नगर होतं. तिथे एक ब्राह्मण राहत असे. तो फार गरीब होता. रोज भिक्षा मागे, मिळेल ते खाई. इथवर सगळं अँपार्फे, एकही क्रियापद सोडू नका. मग येतं ‘एके दिवशी’. एके दिवशी काय झालं, तो नदीवर गेला, तिथे त्याने नागकन्या पाहिल्या, त्याने विचारलं, त्या म्हणाल्या. इथून पुढे सगळा पासे काँपोझे. (फ्रेंच परीकथांत तिथे पासे सँपल, म्हणजे पुस्तकी भूतकाळ, येतो, पण परीक्षेत तुम्हाला तो लिहायचा नाही.) फ्रेंच कथाही ‘ईलेतॅत्युन फुआ’ने सुरू होतात आणि त्यातलं ‘एतॅ’ म्हणजे आपलं ‘आटपाट नगर होतं’मधलं ‘होतं’. वर्गात मी कहाणी वाचून दाखवते आणि ‘एके दिवशी’ला टाळी वाजवायला सांगते. टाळीच्या अलीकडे एक काळ, पलीकडे दुसरा.

एवढं जुळत असताना चुका का होतात? कारण मराठीचा कान काही ठराविक जागी दगा देतो. त्या जागा मोजक्या आहेत आणि तुमच्या परिच्छेदात त्यातल्या पाच आहेत.

पहिला गोल. ‘मी पाँडिचेरीत पाच वर्षं होतो.’ मराठीत निर्दोष वाक्य. तुम्ही लिहिलंत, ‘झेतॅ आ पोंदिशेरी पाँदाँ सँकाँ’. फ्रेंचला हे चालत नाही. ‘पाँदाँ सँकाँ’, पाच वर्षं, असं म्हटलंत की तुम्ही त्या राहण्याला कुंपण घातलंत: इथे सुरू, इथे संपलं, मधलं अंतर इतकं. कुंपण घातलेली क्रिया पासे काँपोझेची, मग ती पाच मिनिटं चाललेली असो की पाच शतकं. पाँडिचेरीवर फ्रेंचांनी किती काळ राज्य केलं हे सांगायचं असेल तरी तिथे पासे काँपोझेच, आणि तो काळ दोन शतकांहून मोठा आहे. म्हणून ‘झे व्हेक्यु आ पोंदिशेरी पाँदाँ सँकाँ’. अँपार्फे कधी? बोलणारा कुंपणाच्या आत उभा असेल आणि दोन्ही टोकं त्याला दिसत नसतील तेव्हा. ‘मी फ्रेंच शिकायला लागलो तेव्हा पाँडिचेरीत राहत होतो’: ‘झाबितॅ आ पोंदिशेरी काँ झे कोमाँसे ल फ्राँसॅ’. राहणं तेच, माणूस तोच. फक्त एकात लांबी मोजलीय, दुसऱ्यात नाही.

मराठी ‘होतो’ला मोजमापाचं वावडं नाही, म्हणून ही चूक सुटता सुटत नाही. ‘काल दिवसभर पाऊस पडत होता’ हेही असंच. आपण ‘पडत होता’ म्हणतो आणि विद्यार्थी ‘ईल प्लव्हॅ’ लिहितो. पण ‘दिवसभर’ हे कुंपण आहे: ‘ईल आ प्ल्यु तूत ला झूर्ने’. मी एक सवय लावायला सांगते. वाक्यात ‘इतके तास, इतकी वर्षं, -भर, तीनदा’ असलं काही दिसलं की मराठी क्रियापदाकडे बघूच नका.

एक मात्र सांभाळा. ‘तासाभरापासून’ हे कुंपण नाही, त्याचं एक टोक उघडं आहे. ‘मी तासाभरापासून थांबलो होतो आणि मग बस आली’: ‘झाताँदॅ दप्युई झ्युन अर काँ ल ब्युस ए तारिव्हे’. ‘पाँदाँ’ आणि ‘दप्युई’ यातला फरक ज्याला कळला त्याचा अर्धा अँपार्फे झाला.

आता दुसरा आणि तिसरा गोल एकत्र घेते, कारण रोग एकच आहे. ‘मला भूक लागली होती’ आणि ‘बाई बाकावर बसली होती’. दोन्हीकडे तुम्ही ‘-ली होती’ पाहिलंत, म्हणालात की हा पूर्ण भूतकाळ, आणि प्ल्यु-क-पार्फे लावलात: ‘झाव्हॅ यु फँ’, ‘एल सेतॅ आसीझ’. मराठीची ही खास खोड आहे. आपण स्थिती सांगतानासुद्धा ती जिथून सुरू झाली त्या क्रियेचं नाव घेतो. ती झोपली होती. त्याने टोपी घातली होती. मी दमलो होतो. त्यांनी एकमेकांचे हात धरले होते. यातल्या कुठल्याच वाक्यात आपल्याला ती क्रिया केव्हा झाली हे सांगायचं नसतं, समोर काय दिसत होतं ते सांगायचं असतं. फ्रेंच मात्र सरळ दिसणाऱ्या स्थितीचं क्रियापद घेतं आणि अँपार्फे लावतं. ती झोपली होती म्हणजे ‘एल दोर्मॅ’. टोपी घातली होती म्हणजे ‘ईल पोर्तॅ’. भूक लागली होती म्हणजे ‘झाव्हॅ फँ’. बसली होती म्हणजे ‘एलेतॅ आसीझ’.

‘एल सेतॅ आसीझ’ व्याकरणाने अशुद्ध नाही, पण चित्र बदलतं. तिथे आधी कधीतरी ती येऊन बसल्याची घटना सांगितली जाते. वाचणारा विचारतो, बरं, बसली, मग? तुम्हाला तर नुसती समुद्राकडे बघत बसलेली बाई दाखवायची होती. ओळखायची युक्ती सोपी आहे. मराठी वाक्यात ‘बसली होती’च्या जागी ‘बसलेली होती’ घालून बघा. चाललं तर ती स्थिती, अँपार्फे. ‘मी येण्याआधीच ती निघून गेली होती’मध्ये ‘गेलेली होती’ म्हटलं तरी मन त्या जाण्याकडेच जातं, आधीच्या-नंतरच्या हिशेबाकडे. तिथे खरोखरच प्ल्यु-क-पार्फे हवा. अगदी शंभर टक्के चालणारी युक्ती नाही, पण दहातल्या आठ वेळा वाचवते.

तुमच्या दुसऱ्या वाक्याला गोल पडला नाही. ‘समुद्रावर फिरायला गेलो होतो’साठी तुम्ही ‘झ स्युई आले’ लिहिलंत. बरोबर आहे, पण तुमच्या स्वतःच्या नियमाने ते चुकायला हवं होतं. वाचलात, बहुधा घाईत. मराठीत आपण जरा जुनी गोष्ट सांगायला घेतली की उगीचच ‘होतो’ जोडतो. ‘गेल्या वर्षी गोव्याला गेलो होतो’, ‘परवा तुझा भाऊ भेटला होता’. आधीचं-नंतरचं काही नाही, नुसता सांगण्याचा सूर. फ्रेंचमध्ये अशा ठिकाणी साधा पासे काँपोझे.

चौथ्या गोलाकडे जायच्या आधी थोडं थांबते, कारण ‘वाटलं’चा विषय निघालाच आहे आणि मला या काळात सगळ्यात जास्त आवडणारी जागा इथेच आहे. फ्रेंचमध्ये काही क्रियापदं अशी आहेत की काळ बदलला की मराठीत क्रियापदच बदलतं. ‘झ साव्हॅ’ म्हणजे मला माहीत होतं; ‘झे स्यु’ म्हणजे मला कळलं. ‘झ कोनेसॅ’ म्हणजे मी त्याला ओळखत होतो. ‘झे कोन्यु’ म्हणजे त्याची माझी ओळख झाली. ‘झाव्हॅ पर’, मला भीती वाटत होती. ‘झे यु पर’, मी घाबरलो, धस्स झालं. ‘झाव्हॅ व्हँताँ’, मी वीस वर्षांचा होतो. ‘झे यु व्हँताँ’, मला वीस पूर्ण झाली. इंग्रजीवरून आलेल्याला यातली बरीचशी जोडी पाठ करावी लागते. आपल्याकडे तिला दोन वेगळे शब्द आधीच तयार आहेत.

‘दव्हुआर’ बघा. ‘झ दव्हॅ पार्तीर’ म्हणजे मला निघायचं होतं. निघालो की नाही, वाक्य सांगत नाही. कदाचित अजून तिथेच गप्पा मारत बसलोय. ‘झे द्यु पार्तीर’ म्हणजे मला निघावं लागलं, आणि निघालोच. ‘पूव्हुआर’चंही असंच: ‘झ पूव्हॅ’, मला करता येत होतं, केलं की नाही देव जाणे; ‘झे प्यु’, मला करता आलं, जमलं, झालं. आणि ‘व्हूलुआर’ तर फारच देखणं. ‘झ व्हूलॅ म लव्हे’, मला उठायचं होतं, उठावंसं वाटत होतं. ‘झे व्हूल्यु म लव्हे’ याला मी कित्येक वर्षं मराठी शोधत होते. मग एकदा आमच्या शेजारच्या काकू पाठदुखीचं सांगत होत्या: “अहो, उठायला गेले आणि कमरेत असा चमका मारला!” हेच ते. ‘उठायला गेले’. इच्छा मनात राहिली नाही, हातपाय हलले.

लक्षात घ्या, कुठल्याही क्रियापदाला काळ जन्माने चिकटलेला नसतो. ‘सुव्हाँ’, म्हणजे वारंवार, दिसलं की अँपार्फे, असं काही क्लासमध्ये सांगतात. मला ते पटत नाही. ‘तुझी मला अनेकदा आठवण आली’ यात ‘अनेकदा’ असूनही फ्रेंच माणूस सहज पासे काँपोझे वापरेल, कारण तो आज मागे वळून सगळ्या आठवणींची एकत्र बेरीज सांगतोय. शब्द बघून काळ लावायचा हा कारकुनी धंदा आहे. त्याऐवजी प्रत्येक क्रियापदानंतर स्वतःला विचारा: हे वाक्य संपल्यावर गोष्टीतलं घड्याळ पुढे सरकलं का? ‘तो आत आला तेव्हा मी पत्र वाचत होते’: घड्याळ तिथेच, अँपार्फे. ‘तो आत आला तेव्हा मी पत्र वाचलं’: सरकलं, पासे काँपोझे. इथे मराठी आणि फ्रेंच अगदी हातात हात घालून चालतात.

आणखी काही ठिकाणी हा काळ भूतकाळासाठी नसतोच, तेही सांगून ठेवते. दुकानात किंवा कचेरीत ‘झ व्हूलॅ व्हू दमाँदे’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘मला विचारायचं होतं’. आपणही बँकेत काउंटरवर तसंच म्हणतो, “जरा एक विचारायचं होतं.” ‘ए सी ओं नालॅ ओ सिनेमा?’ म्हणजे ‘सिनेमाला गेलो तर?’ इथेही मराठी भूतकाळाचंच रूप घेते, फक्त ‘तर’ शेवटी येतो. ‘सी झाव्हॅ’ म्हणजे ‘माझ्याकडे असते तर’. ‘सी’च्या, म्हणजे ‘जर’च्या, वाक्यात अँपार्फे आणि दुसऱ्या अर्ध्यात संकेतार्थ, हा क्रम उलटा केला की परीक्षक लगेच ओळखतो. फ्रेंच मुलं भातुकली खेळताना भूमिका वाटतात तीही याच काळात: ‘तू डॉक्टर होतास, मी आजारी होते’. आपली मुलं म्हणतात, “तू डॉक्टर हां!”

पाचवी जागा गोलाबाहेरची आहे. ‘मला वाटलं, ती फ्रेंच आहे.’ मराठीत ‘आहे’, कारण आपण मनातलं जसंच्या तसं ठेवतो. ‘तो म्हणाला, मी आजारी आहे.’ फ्रेंचमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की आतलं ‘आहे’ही मागे सरकतं: ‘ईल आ दी कीलेतॅ मालाद’. तुम्ही ‘एलेतॅ फ्राँसॅझ’ बरोबर लिहिलंत. मराठीत ‘आहे’ असूनही तिथे अँपार्फे, आणि पहिल्या वाक्यात ‘होतो’ असूनही नाही. म्हणूनच ‘होतो’ शोधत बसण्याची पद्धत सोडा म्हणते.

परीक्षेपुरतं एक. बी-१ला लेखनाला 45 मिनिटं आणि किमान 160 शब्द असतात. एवढ्यात पहिल्या तीन-चार वाक्यांत अँपार्फेने जागा, हवा, माणसं मांडा, मग तुमचं ‘एके दिवशी’ येऊ द्या, आणि मधूनच एखाद्या घटनेनंतर पुन्हा एक वाक्य अँपार्फेचं टाका. तिथे परीक्षकाला दिसतं की तुम्हाला दोन्ही काळांची ये-जा जमते.

राहिला चौथा गोल, ‘मला वाटलं’. तुम्ही ‘झे पाँसे’ लिहिलंत आणि शिक्षकांनी खोडून ‘झ पाँसॅ’ केलं. ते का, हे मी समजू शकते. ‘मला वाटलं तू पुण्यात आहेस’ असं आपण म्हणतो तेव्हा आतापर्यंत आपला तसा समज होता असं सांगायचं असतं. तिथे मराठीत ‘वाटलं’ असलं तरी फ्रेंचमध्ये अँपार्फेच शोभतो: ‘झ क्रुआयॅ क त्यु एतॅ आ पुणे’. दर बॅचमध्ये निम्मे जण हे चुकतात, म्हणून शिक्षकाचा हात आपोआप तिथे जातो. पण तुमची गोष्ट तशी नाही. तुम्ही चालत आलात, बाकावर ती बाई दिसली, त्या क्षणी मनात आलं, ही फ्रेंच असणार, आणि पुढच्याच क्षणी तिने तोंड उघडलं. ते वाटणं हीच एक घटना आहे, तिने घड्याळ पुढे सरकवलंय. ‘झ पाँसॅ’ लिहिलं तर तुम्ही बराच वेळ त्या समजुतीत बसला होतात असं होईल, आणि तमिळमधला तो प्रश्न जरा बोथट होईल. तो गोल पेन्सिलने खोडून टाका आणि तुमचं ‘झे पाँसे’ तसंच राहू द्या.